सरकारी खरेदी सुधारायची तर सुरुवात कुठून करावी? ई-टेंडर आलं, जेम (केंद्राचं ऑनलाइन सरकारी खरेदीचं पोर्टल) आलं, तरी फरक का दिसत नाही?

माझं उत्तर जरा उलटं वाटेल पण सांगतो. सुरुवात टेंडरपासून नको, बिलापासून करा. पुरवठादाराचे पैसे ठरल्या दिवशी मिळायला लागले की अर्धे आजार आपोआप खाली बसतील.

मी काही अर्थशास्त्राचा माणूस नव्हे. गोव्यात कुंडईला छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे, बाक, टेबलं, लोखंडी कपाटं बनवतो, सात माणसं कामाला. सतरा वर्षं सरकारी शाळांना नि कचेऱ्यांना माल दिलाय, म्हणून जे बोलतोय ते माझ्या खतावणीतून बोलतोय.

आधी चांगलं ते चांगलं म्हणूया. पूर्वी टेंडरची पेटी असायची, आणि शेवटच्या दिवशी कचेरीच्या जिन्यावर चारपाच जण उगाच उभे असायचे, तुम्ही टेंडरचं पाकीट घेऊन गेलात की "पात्रांव (म्हणजे शेठ), आज कशाला आलात, चहा घेऊया" असं म्हणत खांद्यावर हात पडायचा आणि चहा संपेपर्यंत तीन वाजलेले, मुदत संपलेली. आता डिजिटल सिग्नेचरचा डोंगल लावला, बीओक्यूच्या, म्हणजे मालाच्या यादीच्या, एक्सेलमध्ये रेट भरला, रात्री अकरा वाजता घरून सबमिट. जिन्यावरचे लोक गेले, हे खरंच मोठं काम झालं. जेम २०१६ ला आलं आणि पुढच्या वर्षी दिल्लीचं केंद्रीय खरेदीचं जुनं खातं, डीजीएस अँड डी, बंद झालं, तेही बरंच झालं.

पण टेंडर उघडल्यावर नावं बघा, तीच तीन. त्यातली दोन एकमेकांना सपोर्ट देणारी, म्हणजे नावापुरता चढा रेट भरणारी. मग वर्तमानपत्रात येतं की रिंग आहे, सेटिंग आहे. असतंच, नाही कोण म्हणतो. पण बाकीचे तीस जण भरत का नाहीत हे कोणी विचारत नाही. भरायला कोणी अडवत नाही आता. ते हिशेब करतात आणि गप्प बसतात.

हिशेब असा. समजा सहा लाखांची ऑर्डर. बँकेचा ओडी (ओव्हरड्राफ्ट) बारा टक्के धरला तर महिन्याला सहा हजार व्याज. माझं मार्जिन दहा टक्के, म्हणजे साठ हजार. बिल दहा महिन्यांनी निघालं की साठ हजार व्याजातच गेले, वर्षभर बाक बनवून हातात शून्य. वर जीएसटी वेगळाच, अठरा टक्के, म्हणजे एक लाख आठ हजार, कच्च्या मालावर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट वजा करून जे उरेल ते पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला भरायचंच, सरकारने मला पैसे दिले असोत वा नसोत. म्हणजे सरकारला माल मी उधार द्यायचा आणि त्या उधारीवरचा टॅक्सही सरकारला आधी मीच भरायचा.

अशा वेळी माणसाकडे वाटा किती? एक, व्याज रेटमध्ये चढवायचं, पण मग एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी रेटवाला, लागत नाही. दोन, रेट खाली ठेवायचा आणि माल मारायचा. तीन, टेंडरच भरायचं नाही. ज्याची आत ओळख आहे, ज्याचं बिल दहा महिन्यांऐवजी दोन महिन्यांत निघतं, त्याचा खर्चच कमी, तो आरामात एल-वन येतो आणि कागदावर सगळं स्वच्छ! कोणाला लाचेचं पाकीट द्यायला टेंडरच्या वेळी जावंच लागत नाही, जायचं ते बिलाच्या वेळी.

माल मारणं म्हणजे काय ते बघा. स्पेसिफिकेशनमध्ये अठरा गेजचा चौकोनी पाइप लिहिलेला असतो, म्हणजे पत्रा साधारण १.२ मिमी. वीस गेज लावला तर ०.९. रंग मारल्यावर डोळ्यांना काही कळत नाही, उचलला की कळतं, आणि टोकाची प्लास्टिकची बुटी काढून जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर लगेच कळतं. पण इन्स्पेक्शनला आलेल्या माणसाकडे व्हर्नियर मी आजपर्यंत एकदाच पाहिला. बरं, स्पेसिफिकेशनही कुठूनतरी कोरड्या मुलखातून उचललेलं, फळी पार्टिकल बोर्डची! आमच्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की तो बोर्ड पावासारखा फुगतो. सत्तरीतल्या एका शाळेत मी स्वतः बघितलं, दुसऱ्या पावसाळ्यात बाकाची कड बोटाने सोलून निघत होती आणि पोरं तिच्या गोळ्या करून एकमेकांना मारत होती. तो बाक माझा नव्हता हे सांगून टाकतो, पण त्या टेंडरला मी एल-टू होतो.

आता माझी गोष्ट. एका खात्याला शंभर-सव्वाशे बाक दिले, फेब्रुवारीत ऑर्डर, मार्चमध्ये डिलिव्हरी, कारण ३१ मार्चच्या आत बजेट संपवायचं. (वर्षअखेरीची खर्चाची घाई हा आर्थिक शिस्तीचा भंग असं केंद्राच्या वित्तीय नियमांत चक्क लिहिलंय, वाचून हसू येतं.) चलनावर शाळेची सही, शिक्का, स्टॉक रजिस्टरला नोंद, सगळं झालं. मग फाइल फिरायला लागली. एकदा इन्स्पेक्शन रिपोर्टची कॉपी हवी, एकदा शिक्का पुसट, एकदा साहेब ट्रेनिंगला. खिडकीवरचा माणूस स्वभावाने गोड, पण उत्तर एकच, "फाल्यां यो", उद्या ये. बजेट लॅप्स झालं, नव्या वर्षात परत मंजुरी. गणपतीची चवथ आली, कामगारांना बोनस द्यायला बायकोच्या बांगड्या सोसायटीत गहाण ठेवल्या. पैसे जानेवारीत आले.

तुम्ही म्हणाल कायदा नाही का? आहे की, आणि चांगला कडक आहे. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यात पैसे द्यायला जास्तीत जास्त ४५ दिवस, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. माल घेतल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असंच धरायचं, म्हणजे "इन्स्पेक्शन राहिलंय" हे कारणच चालत नाही. २०१७ ला सरकारचं समाधान पोर्टल आलं, तेव्हापासून घरबसल्या तक्रारही करता येते. मी केली का? नाही. ज्याच्यावर केस टाकायची त्याच्याच दारात पुढच्या महिन्यात टेंडर भरायचंय. माझ्या ओळखीत एकाने केली, व्याजासकट निकालही लागला, पण त्यानंतर त्याच्या मालात दर वेळी काहीतरी खोट निघू लागली.

म्हणून हक्क पुरवठादाराच्या हातात देऊन भागत नाही, यंत्रणाच अशी हवी की मागायला जावंच लागू नये. जेमवर याची सुरुवात आहे, माल पोचल्यावर दहा दिवसांत स्वीकृतीचं सर्टिफिकेट आणि त्यानंतर दहा दिवसांत पेमेंट असा नियम आहे, पण तोही खातं किती मनावर घेतं यावर. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या अर्थखात्याने बांधकामांसाठी सांगितलं की रनिंग बिलाचे, म्हणजे काम चालू असताना टाकलेल्या बिलाचे, ७५ टक्के दहा कामाच्या दिवसांत द्या. त्याच सूचनांमध्ये नुसत्या एल-वनऐवजी गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायची मुभाही दिली. चर्चा सगळी त्या तीस टक्क्यांची झाली, दहा दिवसांचं कोणी बोलत नाही.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट ब्राझीलची. तिथे १९९३ च्या खरेदी कायद्यातच होतं की बिलं ज्या क्रमाने देय झाली त्याच क्रमाने पैसे द्यायचे, रांग मोडली तर कारण छापून जाहीर करायचं. २०२१ च्या नव्या कायद्यातही ते ठेवलंय. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही, घोटाळे त्यांच्याकडेही ढीगभर. पण कल्पना बघा, रेशनच्या रांगेसारखी साधी. टेंडरचा निकाल जसा पोर्टलवर दिसतो तसंच त्याच पानावर बिल कधी आलं, कधी पास झालं, पैसे कधी गेले या तीन तारखा टाका. माझ्यामागून आलेलं बिल माझ्याआधी निघालं तर ते सगळ्या गावाला दिसेल. सॉफ्टवेअरवाल्याला आठवड्याचं काम असेल.

बजेटच नसतं हो, असं कोणी म्हणेल. मग ऑर्डर कशाला देता? पैसे बाजूला काढून लॉक केल्याशिवाय वर्क ऑर्डरचा नंबरच पडू नये, इतकंच करायचंय.

केंद्रात सरकारी खरेदीचा वेगळा कायदा असावा म्हणून २०१२ मध्ये विधेयक आणलं होतं, २०१४ ला लोकसभेची मुदत संपली तसं तेही गेलं. तसा कायदा यावाच, तामिळनाडू आणि कर्नाटकाने नव्वदच्या दशकातच आपापले केलेत. पण त्यात पेमेंटचं कलम नसेल तर माझ्यासारख्याला त्याचा उपयोग लग्नानंतर आलेल्या आमंत्रणाइतकाच.

सध्या मी कलंगुटच्या हॉटेलांची कामं करतो, खुर्च्या, बेडचे फ्रेम, अर्धे पैसे ॲडव्हान्स, अर्धे गाडीतून माल उतरवताना. मालक कटकटे असतात, प्रत्येक वेल्डिंगवर बोट फिरवून बघतात, पण हरकत नाही. डिजिटल सिग्नेचर गेल्या महिन्यात एक्सपायर झाली, डोंगल ड्रॉवरमध्ये पडलाय, अजून रिन्यू केलेली नाही.