सातबाऱ्यावरचं 'झुडपी जंगल' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आलाय की भंडाऱ्याकडच्या एका गावाच्या सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' असं लिहिलंय, तर याचा अर्थ नुसती झुडपं असलेली जमीन एवढाच घ्यायचा का, 'झुडुपी' लिहायचं की 'झुडपी', आणि मराठीत लिहिताना 'झुडपी वन' केलं तर जास्त शुद्ध होईल का.

आधी सोपं सांगतो. 'झुडपी'च बरोबर. लाकूड वरून लाकडी होतं, मधला ऊ गळतो, तसंच झुडूप वरून झुडपी. यात अडण्यासारखं काही नाही.

खरी गंमत 'जंगल' या शब्दात आहे. आज जंगल म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे दाट झाडी येते, पण हा शब्द ज्या संस्कृत 'जाङ्गल' वरून आला त्याचा अर्थ जवळजवळ उलटा होता, म्हणजे कोरडा, कमी पाण्याचा, विरळ झाडांचा उघडा मुलूख. आयुर्वेदात देशाचे, म्हणजे भूप्रदेशाचे, प्रकार सांगतात ना, जांगल, आनूप आणि साधारण, त्यातला आनूप म्हणजे पाणथळ आणि जांगल म्हणजे हा कोरडा. पुढे अर्थ सरकत सरकत दाट झाडीपर्यंत आला, आणि इंग्रजीत तर आज तो या दाट अर्थानेच बसलाय. त्यामुळे मला तर वाटतं की 'झुडपी जंगल' या जोडीत 'जंगल' हा शब्द त्याच्या मूळ अर्थाच्या सगळ्यात जवळ राहिलाय, आणि "झुडपं आहेत मग ते जंगल कसलं" असं जे लोक सर्रास म्हणतात ते शब्दाच्या इतिहासाला धरून नाही.

पण सातबाऱ्यावरचा शब्द हा वर्णनाचा शब्द नाही, ती महसुली नोंद आहे, हे लक्षात ठेवायला लागतं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ही नोंद सापडते. हा भाग 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता आणि तिकडच्या कागदांवर अजूनही 'बडे झाड का जंगल', 'छोटे झाड का जंगल' अशा नोंदी आहेत, आपली झुडपी जंगल त्याच घरातली. अशा जमिनी गावाच्या निस्तारासाठी असायच्या. निस्तार म्हणजे गावाची रोजची गरज, ढोरं चारणं, सरपण, कुंपणाला काट्या वगैरे. पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला 'झुडपी जंगल' हा शब्द बहुतेक माहीतच नसतो, त्यांनी गायरानाच्या आसपासचं काहीतरी असं समजावं, पण दोन्ही एकच नाहीत. आणि कागदावर झुडपी जंगल असलं तरी आज प्रत्यक्षात तिथं घरं असतील, शाळा असेल, ऑफिस असेल, कुठं चांगली वाढलेली झाडंही असतील. नोंद तीच राहते.

आता कायद्याकडे येतो, कारण इथं शब्दाच्या अर्थावर लोकांच्या घराखालची जमीन ठरते. 1980 च्या वन संवर्धन कायद्यात 'वन' म्हणजे काय याची व्याख्याच दिलेली नव्हती. मग 12 डिसेंबर 1996 ला गोदावर्मन प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा शब्द डिक्शनरीतल्या अर्थाने घ्यायचा, आणि सरकारी रेकॉर्डमध्ये वन म्हणून नोंद असलेली जमीनही त्यात येते, मालकी कुणाचीही असो. म्हणजे देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने सगळ्यांना शब्दकोशाकडे पाठवलं! मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, पण तो उभा आहे इंग्रजी 'फॉरेस्ट' या शब्दावर, आणि आपल्याकडे वन, जंगल, रान, राई, झाडी हे सगळे वेगवेगळे आहेत, त्यातलं कुठलं कुठं बसवायचं यावर झुडपी जंगलाचा वाद वर्षानुवर्षं चालला. शेवटी 22 मे 2025 ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई (ते स्वतः अमरावतीचे) आणि न्यायमूर्ती मसीह यांनी निकाल दिला की झुडपी जंगल जमिनी 1996 च्या आदेशाप्रमाणे वनच धरायच्या, पण 12 डिसेंबर 1996 च्या आधी ज्यांचं वाटप झालंय त्यांच्यासाठी अपवाद म्हणून राज्याने केंद्राकडे मंजुरी मागावी. प्रश्न साधारण 86 हजार हेक्टरचा होता.

आता 'झुडपी वन' चं. मी तरी असं करू नका म्हणेन. 'वन' हा आपल्याकडे आता सरकारी शब्द झालाय, राखीव वन, संरक्षित वन, वनविभाग, वनहक्क. लोकांच्या तोंडी मात्र जंगलच होतं, 1930 ला पुसदला बापूजी अण्यांनी गवत कापून कायदा मोडला त्याला आपण जंगल सत्याग्रहच म्हणतो, कुणी वन सत्याग्रह म्हणत नाही. 'झुडपी वन' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की ही राखीव वनासारखीच कायद्याने अधिसूचित केलेली एखादी वेगळी कॅटेगरी आहे, आणि तसं नाहीये. भाषांतर करत असाल किंवा तलाठ्याकडे अर्ज लिहीत असाल तर नोंदीत जसं आहे तसंच, 'झुडपी जंगल', ठेवा, आणि कंसात एका ओळीत ही महसुली नोंद आहे एवढं सांगा.