पेसमेकर, मधुमेह आणि चुंबकाचे इनसोल

प्रश्न असा आहे: वडिलांना पेसमेकर आहे, मधुमेहही आहे, रत्नागिरीच्या मिरकरवाडा मासेमारी जेटीवर दिवसभर उभं राहून टाच दुखते, चुंबकाचे इनसोल (बुटात घालायच्या, चुंबकं बसवलेल्या गाद्या) घ्यावेत का?

माझं मत: घेऊ नका. पण कारण पेसमेकर नाही. बूट पायात असेपर्यंत चुंबक छातीपासून बरंच लांब असतं आणि अंतर वाढलं की त्याचा जोर झपाट्याने कमी होतो. धोका असतो तो सुकवायला काढलेले इनसोल काखेत धरले किंवा शर्टाच्या खिशात ठेवले तर. पेसमेकरपासून चुंबक किमान 15 सेंटीमीटर लांब हवं. त्याहून जवळ आलं तर पेसमेकर हृदयाचे ठोके न बघता ठरावीक गतीने चालू शकतो. लांब नेलं की सहसा पूर्ववत होतो. बोटीवर जात असतील तर होकायंत्राजवळही हे बूट ठेवू नयेत, सुई भरकटते.

खरी काळजी मधुमेहाची. पायाची संवेदना कमी झाली असेल तर इनसोलवरचे कडक उंचवटे टोचलेले कळतच नाहीत. त्याच जागी घट्टा होतो, मग त्याखाली जखम. पावसाळ्यात गमबुटात पाणी शिरलं की डिंक सुटतो, कापड फाटतं, चुंबक बाहेर येतं. आपल्याकडच्या काळ्या वाळूत लोहाचे कण असतात. ते उघड्या चुंबकाला झुपक्याने चिकटतात आणि ओली कातडी सोलून काढतात. सुटलेली चुंबकं घरातल्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. दोन गिळली गेली तर आतडं मध्ये चिमटलं जाऊन भोक पडू शकतं. तडक हॉस्पिटल गाठावं.

एवढं करून फायदा काय? रक्तातलं लोह चुंबकाकडे खेचलं जातं हा विकणाऱ्यांचा दावा चुकीचा आहे. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या हॉस्पिटलच्या डॉक्टरांची टाचदुखीच्या 101 जणांवरची 8 आठवड्यांची चाचणी 2003 साली प्रसिद्ध झाली. खऱ्या चुंबकाचे आणि बिनचुंबकाचे इनसोल वापरणाऱ्यांना सारखाच आराम पडला. म्हणजे मऊ गादी पुरते.

तेव्हा जेटीवर सपाट, मऊ इनसोल, घरात एमसीआर (मऊ, सच्छिद्र रबराची) चप्पल. कोब्यावर अनवाणी फिरणं बंद. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकण्याआधी पायाची बोटं 30 सेकंद वर ओढून धरायची, असं तीनदा. रोज रात्री तळपाय आरशात बघा, बोटांच्या बेचकाही. लाली, फोड, ओल दिसली तर टाच दुखत नसली तरी दाखवा.