दप्तरावरच्या कार्टूनचा रंग परत येतोय? आधी नंबराचं शेवटचं अक्षर बघा

चोपड्याच्या भाऊंची पोस्ट वाचून पोटात कालवलं. टीव्हीवरच्या कार्टूनचं लायसन्स रीतसर, मिनिमम गॅरंटी (माल खपो न खपो, लायसन्स देणाऱ्याला द्यायची ठरलेली रक्कम) भरलेली, आणि दप्तराचा नमुना ‘रंग जुळत नाही’ म्हणून परत. शाळा तर जूनमध्ये उघडणार. जळगावात माझं हेच झालं होतं.

लायसन्सबरोबर पात्राच्या चित्रांची नि रंगांची पुस्तिका येते, ती स्टाइल गाइड. तिच्यातल्या पँटोन नंबराच्या (पँटोन म्हणजे रंगछटांना नंबर देणारी पद्धत) शेवटी ‘सी’ आहे का बघा. ‘सी’ म्हणजे गुळगुळीत लेपाच्या कागदावरचा रंग. तोच दप्तराच्या कापडावर मारला की मळकट दिसतो. सुती कापडासाठी पँटोनची वेगळी मालिका आहे, ‘टीसीएक्स’. पॉलिस्टरवरही निदान ती धरून जवळ जाता येतं.

लायसन्स देणाऱ्या मुंबईच्या एजंटच्या ऑफिसकडे (नाव घेत नाही) मी कापडाचा तेवढाच नंबर मागत होतो. उत्तर एकच, ‘गाइड पाहा.’ फोन करावा तर अप्रूव्हलवाले वेगळे, मेल करावा तर मॅडम रजेवर. इकडे छपाईच्या स्क्रीनच्या फ्रेमा तयार, कारागीर हात बांधून बसलेला. मंजुरी आली तोवर गल्लीतली पोरं नवी दप्तरं लावून शाळेत जायला लागली होती. गॅरंटीचा पुढचा हप्ता मात्र त्यांनी बरोबर तारखेला मागितला!

रंगाचा हट्ट चुकीचा नाही हो. बारकं पोर पात्राला चेहऱ्याआधी रंगावरून ओळखतं. छोटा भीमचं धोतर केशरी, डोरेमॉन निळा, गळ्यात लाल पट्टा नि पिवळी घंटा. सारंगखेड्याच्या यात्रेत जांभळट डोरेमॉनचा फुगा पुढे केला तर पोर सरळ म्हणतं, ‘माले हाऊ नको.’ पण हट्ट धरणाऱ्याने कापडाचा नंबर द्यायला नको?

तुम्हाला कुणीतरी सांगितलंय ना, पात्राच्या कपड्याचा रंग बदला म्हणजे लायसन्स लागत नाही? अजिबात ऐकू नका. मी वकील नाही, पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद लिहिलीय, ट्रेडमार्कची भानगड निराळीच. रंग बदलला तरी पात्र तेच ओळखू येतं.

करारातलं नमुन्याच्या मंजुरीचं कलमही वाचा. माझ्या करारात ठरल्या मुदतीत उत्तर नाही म्हणजे नकार, असं होतं. सही करण्याआधी ते उलटं, म्हणजे उत्तर नाही तर मंजुरी, असं करून घेता आलं तर बघा. लहान धंदेवाल्याला कितपत देतील, शंकाच आहे.

आणि नमुना व्हॉट्सॲपवर पाठवू नका, प्रत्येक मोबाइल वेगळाच रंग दाखवतो. छापलेल्या कापडाचे दोन तुकडे कापा, एक कुरिअर करा, एक तारीख टाकून जवळ ठेवा. यंदा दप्तरं अडकलीच तर त्याच लायसन्सात वह्या बसतात का विचारा. चकचकीत कव्हरवर ‘सी’चाच नंबर चालतो.