समुद्राकडे पाठ करून बसलेले बंकर

तुम्ही नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या व्हिएरव्हिलच्या जर्मन बंकरचा फोटो टाकून विचारलंय की समुद्राकडची बाजू अशी सरळ बंद भिंत का, बांधणाऱ्यांचं चुकलं का, आणि ऑक्टोबरात आईबाबा नि नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन चार दिवस नॉर्मंडी आणि मग बोर्दो, तर अजून काय बघावं. जरा सविस्तर लिहितो. मी नेदरलँड्सला राहतो आणि गेली अकरा वर्षं सुट्टी मिळाली की डेन्मार्क ते फ्रान्स हेच अटलांटिक वॉलचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी किनाऱ्यावर उभारलेल्या तटबंदीचे बंकर बघत फिरतोय, त्यामुळे हा प्रश्न फार जिव्हाळ्याचा आहे.

चुकलेलं काही नाही, ती भिंत मुद्दाम तशी आहे. तोफेचं तोंड समुद्राकडे ठेवलं तर जहाजावरून बरोब्बर त्याच भोकात गोळा येणार, म्हणून समुद्राकडे जाड काँक्रीट आणि तोंड आडवं, किनाऱ्याला समांतर. जहाजावरून तोफेचा उजेडसुद्धा धड दिसत नाही आणि वाळूवर उतरलेला माणूस मात्र कुशीतून मारला जातो. व्हिएरव्हिलची ८८ मिमीची तोफ पूर्वेकडे बघते, अजून आत आहे, जाळीतून दिसते. ओमाहा बीचच्या दुसऱ्या टोकाला कोलव्हिलजवळ तशीच दुसरी पश्चिमेकडे तोंड करून होती. मुलाला त्या बंकरपाशी उभं करा आणि तोफेच्या रेषेत वाळूकडे बघायला सांगा, ६ जून १९४४ ला अमेरिकी फौजा इथे उतरल्या तेव्हा काय झालं असेल ते वेगळं समजवावं लागत नाही.

मग लाँग-सुर-मेर, हे चुकवूच नका. १५० मिमीच्या चार नौदली तोफा, त्यातल्या तीन बऱ्या अवस्थेत आणि जागच्या जागी. या मात्र समुद्राकडेच बघतात कारण यांचं काम लांबच्या जहाजांवर मारा करायचं, पल्ला २० किमीच्या आसपास. सगळे तोफांपाशी फोटो काढून परत फिरतात, तुम्ही पुढे कड्यापर्यंत चालत जा. तिथे निरीक्षणाचं ठाणं आहे, वरचा जाडजूड स्लॅब नुसत्या लोखंडी खांबांवर तोललाय, म्हणजे आतल्या माणसाला अख्खं क्षितिज मोकळं. इथून टेलिफोनवर तोफांना नेम सांगायचे, पण बॉम्बफेकीत केबल तुटली आणि एवढी भारी बॅटरी, म्हणजे तोफांचा हा अख्खा ताफा, अर्धी आंधळी झाली. दुसऱ्या दिवशी, ७ जूनला शरण आली.

प्वांत द्यु ऑक हे कड्यावरचं जर्मन तोफांचं ठाणं बघाच, पण आईबाबांना बॉम्बच्या खड्ड्याखड्ड्यांतून चालणं जड जाईल आणि कडा ढासळत असल्यामुळे काही भाग बंद असतो, निघण्याआधी चौकशी करा. मुलासाठी विस्त्राँचा उंच बंकर, आता म्युझियम आहे, आतलं सगळं मांडून ठेवलंय.

आत शिरलात की घाई करू नका. मार्च १९४२ मध्ये हिटलरने हुकूम काढला आणि नॉर्वेपासून स्पेनच्या सीमेपर्यंत हे बांधलं गेलं, तेही ठरावीक नकाशांवरून, म्हणून एक नीट बघितला की पुढचे ओळखीचे वाटायला लागतात. नेहमीच्या पक्क्या बांधकामात भिंत आणि छत २ मीटर जाड. दारातून आत आलं की समोरच्या भिंतीत एक छोटी जंगी, म्हणजे गोळी झाडायची फट असते, ती दारातून घुसणाऱ्यावर रोखलेली. छताला लोखंडी तुळया आणि मध्ये पत्रे, बॉम्ब पडला तर काँक्रीटचे ढलपे डोक्यात पडू नयेत म्हणून. कोपऱ्यात कुठेतरी विटांनी बुजवलेलं भगदाड दिसेल, तो आणीबाणीचा रस्ता. त्यामागच्या उभ्या बोगद्यात वाळू भरलेली असायची, विटा फोडायच्या, वाळू आत ओढून घ्यायची आणि लोखंडी पायऱ्यांनी वर. आणि भिंतीला हात लावून बघा, शटरिंगच्या फळ्यांचे ठसे आहेत, लाकडाची रेष न् रेष, गाठीसुद्धा. त्या फळ्या ठोकणाऱ्यांत कितीतरी युद्धकैदी आणि जबरदस्तीने धरून आणलेले मजूर होते. मला तोफेपेक्षा ते ठसे जास्त लक्षात राहतात.

म्युझियम नसलेल्या, उघड्यावरच्या बंकरात मुलाला नेऊ नका, अगदी कळकळीने सांगतोय. डेन्मार्कला एकदा मी मोबाईलच्या उजेडावर शिरलो, खड्डा पाण्याने भरलेला, वरून जमिनीसारखाच दिसत होता, कमरेपर्यंत आत गेलो आणि गंजक्या सळईने मांडी फाटली, सात टाके. तेव्हापासून दोन टॉर्च, जाड बूट आणि सोबत माणूस असल्याशिवाय जात नाही. भरती-ओहोटीची वेळ बघूनच खाली उतरा. वाळूत लोखंडी काही दिसलं तर हात लावू नका, जिवंत दारूगोळा अजून निघतो. मेटल डिटेक्टर घेऊन जुन्या वस्तू शोधायला फ्रान्समध्ये परवानगी लागते.

बोर्दोला जाताय तर एक दुपार तिथल्या किनाऱ्यावरच्या लाकानोला द्या. नेताजींनी जर्मनीत उभारलेल्या फौजेतले आपले शिपाई, बरेचसे उत्तर आफ्रिकेत पकडले गेलेले, १९४३ मध्ये आधी नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर आणि मग इथे याच अटलांटिक वॉलच्या पहाऱ्यावर होते. नेताजी तोवर पाणबुडीतून पूर्वेकडे निघून गेले होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये जर्मन सेनापती रोमेल येऊन त्यांची पाहणी करून गेला, पगडी घातलेल्या शिपायांचे फोटो आहेत. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी तिथे तासभर नुसता बसून होतो. या पट्ट्यात, खाली काप फेरेपर्यंत, वाळूच्या टेकड्या मागे सरकल्यात, त्यामुळे तेव्हा टेकडीवर बांधलेले बंकर आता खाली पाण्यात कलंडून पडलेत. ते लांबूनच बघा, आणि ओहोटीला जा, भरतीत निम्मे दिसतच नाहीत.