नदीकाठच्या पांढरीवर पहिलं उत्खनन: खापरं धुवायच्या आधी

प्रश्न असा आहे: ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्या) वस्तीच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडावर, पहिल्यांदाच उत्खननाला जायचं आहे. खापरं, मणी, दफनाचे कुंभ जमिनीतून काढायचे कसे, धुवायचे कसे आणि पुढे सांभाळायचे कसे?

इनामगाव समोर ठेवून सांगितलं तर सोपं जाईल. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी हे ठिकाण आहे. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात ते खणलं; सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या पुरातत्त्वज्ञांच्या नेतृत्वाखाली. खाली माळवा संस्कृतीचे थर (इ.स.पू. 1600 ते 1400), त्यावर नंतरच्या जोर्वे संस्कृतीचा आधीचा टप्पा, पूर्व जोर्वे (1400 ते 1000), सगळ्यात वर उत्तर जोर्वे (1000 ते 700). महाराष्ट्रातल्या अनेक नदीकाठच्या पांढरींवर याच क्रमाचा एखादा तुकडा भेटतो. परवाना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा लागतो. त्याशिवाय हौसेने कुदळ मारणं हा गुन्हा आहे.

पांढरीचा वरचा पदर बहुधा विस्कटलेलाच असतो. धाब्याला आणि भिंतींना गावकरी पिढ्यान्‌पिढ्या इथली माती नेत आले, शिवाय नांगर फिरलेला असतो. म्हणून पहिल्या 20-30 सेंटीमीटरमधलं सगळं वेगळ्या पिशवीत ठेवा आणि त्यावरून कालनिर्णय करू नका. खणायची चौकट 5 बाय 5 मीटरची, दोन चौकटींच्या मधे न खणता सोडलेला 50 सेंटीमीटरचा बांध. त्या बांधाच्या उभ्या छेदावरच पुढे सगळा वाद मिटतो, त्यामुळे त्यावर बसणं, उभं राहणं, घमेली टेकवणं बंद. मोजून दहा-दहा सेंटीमीटर खणत जाऊ नका. मातीचा रंग, पोत, ओल बदलली की थर बदलला असं धरा. एकच थर फार जाड असेल तेवढ्यापुरतीच दहाची मोजणी करा.

सगळ्यात मोठी चूक पेवांच्या बाबतीत होते. उत्तर जोर्वेच्या माणसाने धान्यासाठी खणलेलं पेव थेट खालच्या माळवा थरात उतरलेलं असतं. ते ओळखलं नाही तर जोर्वेची खापरं माळव्याच्या पिशवीत पडतात आणि ही गफलत नंतर कुठल्याच प्रयोगशाळेत दुरुस्त होत नाही. ओळखण्याची युक्ती अशी: थापीने जमीन सपाट खरवडा, पिचकारीने हलकंसं पाणी मारा आणि थांबा. भुसभुशीत, राखेरी भरावाची माती भोवतालच्या मातीहून वेगळ्या गतीने वाळते आणि गोल कडा दिसू लागते. मग पेवाला स्वतंत्र क्रमांक द्या आणि आधी तेच पूर्ण रिकामं करा, भोवतालचा थर नंतर. घुशींची बिळं आणि काळ्या मातीच्या उन्हाळी भेगा यांच्याशीही असंच वागा. भेगेतून वरचा मणी हातभर खाली जाऊ शकतो. छेदात खापरं जवळजवळ नसलेला बारीक गाळाचा पट्टा दिसला, तर तो पुराचा असू शकतो. त्यातली खापरं कडांनी झिजून गोल झालेली असतील तर ती वाहून आलेली, घरातली नव्हेत.

माती 5 मिलिमीटरच्या चाळणीने चाळा. घराची जमीन आणि चुलीभोवतालची माती 2 मिलिमीटरने. नाहीतर कार्नेलियनचे (लालसर दगडाचे) बारीक मणी आणि कॅल्सेडनीची (गारगोटीसारख्या दगडाची) पाती ढिगाऱ्यात जातात. चुलीतली, पेवाच्या तळाची माती सावलीत वाळवून पाण्यात सोडा आणि तरंगणारं 0.5 मिलिमीटरहून बारीक जाळीत धरा. चिकण माती गोळे धरत असेल तर पाण्यात खायचा सोडा घालून भिजवा. जळालेले दाणे उन्हात वाळवले की तडकतात; जव आणि गहू यांतला फरक त्या दाण्याच्या आकारावरच ठरतो. कार्बन-14 पद्धतीने वय मोजण्यासाठी कोळसा हाताने उचलू नका. थापीच्या टोकाने उचलून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवा. कापूस आणि कागद नको, त्यांच्यातही कार्बन असतो.

आता कुंभ. इनामगावला लहान मुलांना घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांत पुरलेलं आढळतं. असं दिसलं की आधी वरच्या जमिनीत खड्ड्याची कडा शोधा, कारण कुंभ कोणत्या जमिनीचा हे तिथेच कळतं. आतली माती जागेवर उकरू नका. भोवती चौथरा सोडून खाली या, कुंभावर ओल्या टिश्यू पेपरचे दोन-तीन थर द्या, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या पट्ट्या. टिश्यू वगळलात तर प्लास्टर थेट खापराला धरतं आणि काढताना रंगासकट पापुद्रा निघतो. प्लास्टर कडक झालं की चौथरा खालून कापून फळी सरकवा आणि उत्तर दिशा प्लास्टरवरच लिहा. हाडांवर डीएनए किंवा आयसोटोपचं काम व्हायचं असेल तर हातमोजे घाला आणि त्या नमुन्यांना कोणतंही घट्टक (ठिसूळ वस्तू घट्ट करणारं रसायन) लावू नका.

धुण्याबद्दल मात्र हात आखडता ठेवावा. जोर्वेचं खापर पक्कं भाजलेलं असतं, टिचकी मारली तर खणखणतं. ते साध्या पाण्यात मऊ ब्रशने धुऊन सावलीत वाळवा. कच्च्या मातीच्या वस्तूला पाणी दाखवायचंच नाही. इनामगावला पूर्व जोर्वे थरात, जमिनीखाली पुरलेल्या मातीच्या पेटीत बिनडोक्याची स्त्रीमूर्ती मिळाली, सोबत बैल. दोन्ही न भाजलेले. बैलाच्या पाठीत एक भोक आणि मूर्तीच्या पोटात एक भोक आहे. काडी घातली की मूर्ती बैलावर बसते. ब्रश बुडवून घासली असती तर मूर्ती विरघळली असती आणि तिचा बैलाशी असलेला संबंधही तिच्यासोबत गेला असता. अशी भोकं बांबूच्या काडीने कोरडीच साफ करा आणि निघालेली माती वेगळ्या डबीत ठेवा.

खापरावरचं चुन्याचं कवच काढायला आम्ल वापरण्याची जुनी सवय सोडा, ते खापरातला चुनाही खातं. अन्नाचे अंश तपासायचे असतील तर प्रत्येक थरातली काही खापरं न धुता बाजूला ठेवा. तांब्याच्या वस्तू कधीच धुवायच्या नाहीत. सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) घालून हवाबंद डब्यात, 35 टक्क्यांच्या खाली आर्द्रतेत ठेवा. फिकट हिरवी पावडर सुटायला लागली तर तो क्लोराइडचा रोग आहे. तो डबा लगेच वेगळा करून संवर्धकाकडे द्या.

चिठ्ठ्या दोन हव्यात, एक पिशवीत आणि एक बाहेर, दोन्ही पेन्सिलने लिहिलेल्या. मार्करची शाई उन्हात विटते, ओल्या खापरांजवळचा कागद कुजतो, म्हणून आतली चिठ्ठी छोट्या प्लास्टिक पाकिटात घाला. तिच्यावर ठिकाणाचं संक्षिप्त नाव, साल, चौकट, थर, खोली आणि तारीख असावी. खापरावर क्रमांक आतल्या बाजूला घाला. रंगकामावर किंवा तुटलेल्या कडेवर कधीच नाही, कारण जुळवताना तीच कडा लागते. आधी ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-72चा (पारदर्शक राळेचा) पातळ थर, त्यावर शाई, वर पुन्हा तोच थर. असा क्रमांक पुढे पुसता येतो, थेट खापरावर लिहिलेला नाही. पिशव्यांना भोकं पाडा, नाहीतर आत घाम धरून बुरशी येते.

हंगाम संपताना चौकटीच्या तळाला आणि बाजूंना जाड प्लास्टिक किंवा जिओटेक्स्टाइल (मातीत घालायचं कृत्रिम कापड) अंथरा, त्यावर चालू सालाचं एक नाणं ठेवा आणि मगच माती लोटा. पुढे कुणी पुन्हा खणलं तर तुम्ही कुठे थांबलात ते त्याला नाण्यावरून कळेल.