जंगलाच्या सर्व्हेत काम करायचंय, फक्त जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे करणं) शिकलं तर चालेल का?

"सॅटेलाइटवरून सगळं दिसतंच तर फील्डवर जायची गरज काय" असं तुम्ही विचारलंय, आणि गोरेगावच्या एका ऑफिसात मी हेच वाक्य रोज ऐकलंय म्हणून लिहायला बसले. नोकरी मिळेल. जंगल कळणार नाही.

आमच्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पट्ट्याचं काम आलं होतं, काही वर्षांच्या अंतराच्या दोन इमेज, दोन्हीत हिरवं, त्यामुळे साहेब म्हणाले बदल नाही, रिपोर्ट पाठवून द्या. मी भांडून गेले. एसटीने, मग चढण चालत, सोबत गावातले एक आजोबा. वर बघते तर सगळीकडे काजूची कलमं, अगदी ओळीत. आजोबा हात करून दाखवत होते, हितं ऐन होता, तितं किंजळ, एका उन्हाळ्यात ठेकेदाराने सगळं तोडून नेलं. कलमांच्या मधे ऐनाचे खुंट होते अजून, काहींना फुटवे आलेले. मी एकेका खुंटाचा घेर मोजला, जीपीएस रीडिंग घेतली, फोटो काढले आणि परत येऊन साहेबांच्या टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, व्याख्येत बसतंय ना, मग जंगलच.

व्याख्येत बसतं हे खरंय. देशातलं जंगल मोजणारी सरकारी संस्था, भारतीय वन सर्वेक्षण, 1 हेक्टर किंवा मोठा तुकडा आणि किमान 10 टक्के छत्र (वरून बघितलं तर झाडांनी झाकलेली जमीन) एवढंच बघते, जमीन कोणाची, झाड कुठलं याचा संबंध नाही, आंबा काजू नारळ सगळं चालतं. त्यांच्या 2023 च्या रिपोर्टात देशाच्या 21.76 टक्के जमिनीवर जंगल आहे, तो आकडा असाच आलाय. आणि 1987 च्या पहिल्या रिपोर्टात 400 हेक्टरपेक्षा लहान तुकडा नकाशावर येतच नव्हता, 2001 पासून 1 हेक्टरचाही येतो, मग तेव्हाचा आणि आताचा जंगलाचा आकडा शेजारी ठेवून जंगल वाढलं म्हणणारे लोक मला डोक्यात जातात.

ब्रिटनमधे 1978 साली 1 चौरस किमीचे 256 चौकोन निवडून लोक पायी फिरले, मग 1984, 1990, 1998, 2007 ला त्याच चौकोनांत परत गेले, नवीन चौकोन वाढवत नेले, पण जुने सोडले नाहीत. शेतांच्या कडेची झाडांची कुंपणं किती झपाट्याने गेली हे त्यांना तसंच कळलं. कालांतराने काय बदललं हे सांगायचं तर त्याच जागी त्याच पद्धतीने परत जावंच लागतं, यात मी कोणाचं ऐकणार नाही.

आता सॅटेलाइट नकोच असं नाही हां, देशभरातलं 7 लाख चौरस किमी जंगल कोण चालणार, आणि वन सर्वेक्षणवाले व्याख्या लपवत नाहीत, रिपोर्टात छापतात. ते स्वतः जमिनीवर प्लॉट आखून झाडांचे घेरही मोजतात, लाकूड किती, मातीत कार्बन किती हे वरून कळत नाही म्हणूनच ना?

तर जीआयएस शिका, क्यूजीआयएस हे त्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याच्या क्लासला हजारो रुपये घालवू नका. पैसे झाडं ओळखायला शिकण्यावर घाला, बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) वनस्पतींचे कोर्स असतात. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात उन्हाळ्यात जा, पानं नसताना सालीवरून झाड ओळखता येईपर्यंत जात राहा. ऐनापासून सुरू करा, त्याची साल मगरीच्या पाठीसारखी असते, चुकायला होत नाही. आमच्या साहेबांना तोही कधी ओळखता आला नाही, आणि कुठे जंगल आहे कुठे नाही हे तेच ठरवत होते.