मधुमेह आणि हलणारे दात

प्रश्न : माझी आई 58 वर्षांची असून तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. तिच्या हिरड्यांतून रक्त येते आणि खालचे दोन दात हलतात. कडक भाकरी तर तिने सोडूनच दिली आहे. तिला मिश्री लावण्याची सवय आहे. गेल्या तपासणीत एचबीएवनसी (मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) 9.2 टक्के आले. साखर असणाऱ्याने दात काढू नयेत, असे शेजारचे सांगतात. आधी साखर आटोक्यात आणावी की दातांकडे पाहावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोन्ही उपचार एकाच वेळी सुरू करावेत. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दुबळ्या पडतात, लाळ कमी होते आणि दातांच्या मुळाशी साचलेल्या कीटणातील जंतूंमुळे दात धरून ठेवणारे हाड झिजत जाते. उलट बाजूने, हिरड्यांतील सततच्या सुजेमुळे इन्सुलिनचा परिणाम मंदावतो आणि साखर आणखी चढते. हिरड्यांवर नीट उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत एचबीएवनसीचा आकडा सुमारे 0.4 ने उतरतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. गोळ्यांना हा पर्याय नव्हे, परंतु साखर उतरेपर्यंत दात तसेच ठेवण्याचा सल्ला त्यामुळे टिकत नाही.

शेजाऱ्यांची भीती अगदीच निराधार नाही, कारण साखर जास्त असताना जखम उशिरा भरते. म्हणून मुळांपर्यंतची सफाई लगेच करून घ्यावी, दात काढण्याची घाई नसल्यास तो निर्णय साखर थोडी उतरल्यावर घ्यावा. मात्र पू झाला असेल तर थांबू नये. दवाखान्यात सकाळची वेळ घ्यावी आणि नाश्ता करून, नेहमीची औषधे घेऊनच जावे. बधिर करण्याचे इंजेक्शन द्यायचे आहे म्हणून अनेकजण उपाशी जातात आणि खुर्चीतच त्यांची साखर उतरते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती परस्पर बंद न करता दंतवैद्यांना सांगावी.

मिश्रीविषयी स्पष्टच लिहितो, कारण आपल्याकडे ती दात घासण्याची पूड समजली जाते. ती भाजलेली तंबाखूच आहे. निकोटिनमुळे हिरड्यांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे आजार वाढत असतानाही रक्त कमी दिसू शकते. मिश्री सोडल्यावर काही दिवस रक्त थोडे जास्त आले, तर घाबरून ती पुन्हा सुरू करू देऊ नये.

ताप, चेहऱ्यावर सूज, तोंड न उघडणे किंवा टाळूवर काळा डाग दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. असा काळा डाग म्युकरमायकोसिस या काळ्या बुरशीच्या आजाराचा असू शकतो; 2021 मध्ये तो झालेल्यांत मधुमेहींचे प्रमाण फार मोठे होते.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. कवळीखाली टाळूची आग होते, पांढरा थरही दिसतो. हे काय असावे?

उत्तर : बहुधा कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग असावा. रात्री कवळी काढून, घासून स्वच्छ पाण्यात ठेवावी आणि दंतवैद्यांकडून बुरशीरोधक औषध लिहून घ्यावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात तोंडाला कोरड पडते, तेव्हा सरबताऐवजी साधे पाणी घोट-घोट प्यावे. थर पुन्हा येत राहिला तर साखर तपासून घ्यावी.